पाठीवर इंजिन घेऊन धावणारी गाडी

दोस्तांनो, नाशिकरोडच्या स्टेशनबाहेर किंवा सीबीएसच्या चौकात एखादी रिक्षा बंद पडलेली तुम्ही नक्की पाहिली असेल. रिक्षावाले काका खाली उतरतात आणि चालत कुठे जातात? पुढे नाही, थेट मागे! मागचं झाकण उघडतात, आत हात घालतात, प्लग काढून पुसतात, पुन्हा बसवतात, आणि स्वारी निघते पंचवटीकडे. कारण रिक्षाचं इंजिन मागे असतं. मागे इंजिन असलेली रिक्षा बजाज कंपनीने १९७७ साली आणली. त्याआधीच्या रिक्षांचं इंजिन पुढे, चालकापाशी असायचं.

आता अशीच, पाठीवर इंजिन घेतलेली, पण चार चाकांची, बुटकी, चपटी आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. अशी गाडी खरोखरच आहे. तिचं नाव पोर्श ९११. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात १९६३ साली भरलेल्या मोटारींच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हा तिचं नाव होतं ९०१. पण मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक फ्रान्समध्ये आमच्या हक्काचे आहेत, अशी तक्रार फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने केली. मग काय, शून्याच्या जागी एक आला आणि गाडी ९११ झाली! 

या गाडीची एक गंमत आहे. ती आजारी पडली, की पुष्कळदा तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बाहेर काढावे लागतात. आणि ते वरून निघत नाहीत, खालून निघतात. हे काम कसं करतात, ते आज पाहू या. दोनशे किलोंहून जास्त वजनाचं लोखंड आणि अॅल्युमिनियम गाडीच्या पोटातून खाली उतरवायचं, म्हणजे ताकदीचं काम असेल असं तुम्हाला वाटेल. पण थांबा. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

इंजिन मागे कशाला?

अॅम्बॅसिडर किंवा जुनी फियाट आठवा. इंजिन पुढे, आणि ढकलणारी चाकं मागे. मग इंजिनाची शक्ती मागे न्यायला गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा न्यावा लागतो. इंजिनच मागे ठेवलं, तर हा लांब दांडा लागतच नाही. दुसरा फायदा असा, की इंजिनाचं वजन ढकलणाऱ्या चाकांवरच पडतं. चाकं जमीन घट्ट धरतात, घसरत नाहीत.

फर्डिनांड पोर्श यांनी आखलेली फोक्सवॅगन बीटल ही याच जातीची गाडी. तीच ती, कासवासारख्या पाठीची! २००३ साली मेक्सिकोत तिचं उत्पादन थांबलं, तोवर जगात दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या होत्या. आपल्याकडची टाटा नॅनोही मागे इंजिन असलेलीच. २००८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली आणि २०१८ साली तिचं उत्पादन थांबलं. तिचं इंजिन होतं ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं. पहिल्या ९११ चं होतं १९९१ सीसीचं, सहा सिलिंडरचं.

पण मागे वजन असण्याचा तोटाही आहे बरं का! दप्तर पाठीवर लटकवून जोरात पळताना एकदम वळून बघा. दप्तर तुम्हाला बाहेरच्या बाजूला ओढतं. ९११ चंही तसंच व्हायचं. वेगात वळताना तिची शेपूट बाहेर फेकली जाई. म्हणून १९६९ च्या मॉडेलमध्ये कंपनीने पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलीमीटरने वाढवलं. म्हणजे तुमच्या हाताची जेमतेम तीन-चार बोटं! पण तेवढ्यानेही गाडी वळणावर शहाणी झाली.

ही गाडी आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेली आहे. १९६८ च्या २४ नोव्हेंबरला लंडनहून सिडनीपर्यंतची मोटारींची एक अफाट शर्यत सुरू झाली. ९८ गाड्या निघाल्या. काबूल, दिल्ली करत गाड्या मुंबईत पोहोचल्या आणि तिथून बोटीत चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यांत पोर्श ९११ सुद्धा होत्या. पोलंडचे सोबिएस्वाव झासादा यांनी आपली ९११ चौथ्या क्रमांकावर आणली.

ते बाहेर काढायचं कशाला?

इंजिन फिरतं, पण ते फिरणं चाकांपर्यंत जातं गिअरबॉक्समधून. या दोघांच्या मध्ये असते क्लच प्लेट. फुगडी खेळताना दोघी एकमेकींचे हात घट्ट धरतात तोवर बरोबर फिरतात. हात सुटले, की दोघी वेगळ्या. क्लच म्हणजे हे हात धरणं आणि सोडणं. ड्रायव्हर पायाने क्लच दाबतो तेव्हा हात सुटतात, पाय उचलला की पुन्हा जुळतात. हजारो वेळा घासून घासून प्लेट झिजते. मग इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी काही पुढे सरकत नाही!

आता ही प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या बरोबर मध्ये दडलेली. बदलायची तर दोघांना वेगळं करायलाच हवं. तसंच जुन्या इंजिनातून तेल गळू लागलं, आतले भाग झिजले, की इंजिन उघडावं लागतं. बीटलचं काम त्या मानाने सोपं. तिचं इंजिन गिअरबॉक्सला चार ठिकाणी आवळलेलं असतं. ते सोडवायचं, थोडं मागे ओढायचं आणि खाली उतरवायचं. ९११ चं इंजिन मोठं, जागा अडचणीची. म्हणून पुष्कळ मेकॅनिक इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच उतरवतात आणि जमिनीवर आल्यावर मोकळ्या जागेत वेगळे करतात.

आधी पाना नाही, पेन्सिल!

आपल्या गॅरेजमध्ये मुख्य मेकॅनिकला उस्ताद म्हणतात, हे तुम्ही ऐकलं असेलच. चांगला उस्ताद आल्या आल्या पाना हातात घेत नाही. तो गाडीभोवती फिरतो. तेल कुठून गळतंय, कुठला बोल्ट गंजलाय, कुठली वायर आधीच्या कुणी भलतीकडे जोडली आहे, हे बघून ठेवतो. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशीच पातळ तेल सोडतो. रात्रभर ते आट्यांमध्ये मुरतं.

मग वही, पेन्सिल, चिकटपट्टी आणि रिकामे डबे. प्रत्येक वायरला, प्रत्येक नळीला चिठ्ठी लावायची. प्रत्येक जागचे नट-बोल्ट आणि वायसर वेगळ्या डब्यात ठेवायचे, डब्यावर नाव लिहायचं. हल्ली मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. पण फोटोत वायरचं टोक दिसतं, ती कुठल्या क्रमाने काढली ते दिसत नाही. क्रम वहीतच लिहावा लागतो.

एवढा खटाटोप कशाला? कारण काढताना जे पहिलं निघालं, ते बसवताना शेवटचं बसणार. काम एक ते वीस असं उतरत जातं आणि वीस ते एक असं चढत जातं. मधला एक आकडा विसरला, तर अर्धी गाडी पुन्हा उलगडावी लागते. आणि सगळं जोडून झाल्यावर हातात एक बोल्ट उरला, तर? तो बोल्ट कुठला, हे कळेपर्यंत उस्तादाला झोप लागत नाही!

वरचं काम

गाडी सपाट, पक्क्या फरशीवर उभी करायची. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. सगळ्यांत आधी बॅटरीची वायर काढायची. या जुन्या ९११ मध्ये बॅटरी पुढच्या डिकीत असते. होय, डिकी पुढे आणि इंजिन मागे! बॅटरी सुटलेली नसेल आणि पान्याचा धक्का लागून ठिणगी उडाली, तर शेजारीच पेट्रोलच्या नळ्या आहेत, हे विसरायचं नाही.

मग तेल काढायचं. आपल्या नेहमीच्या गाडीत तेल इंजिनाच्या तळाशी साठतं. ९११ मध्ये तेलाची टाकी वेगळी असते. म्हणून तेल दोन ठिकाणांहून सोडावं लागतं, एकदा टाकीतून आणि एकदा इंजिनाच्या तळातून. सगळं मिळून आठ-नऊ लिटर तेल निघतं. एवढं कशाला? या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही. पंख्याची हवा आणि हे तेल, दोघं मिळून त्याला थंड ठेवतात. पोर्श कंपनीने हवेने थंड होणारी ही ९११ १९९८ सालापर्यंत बनवली.

मग मागचं झाकण उघडून वरून हात घालायचा. हवेची गाळणी काढायची. पेट्रोलच्या नळ्या सोडून त्यांची तोंडं बंद करायची. वायरींचे जोड सोडायचे. अॅक्सिलरेटरचा दांडा सुटा करायचा. गाडीच्या आत गरम हवा नेणाऱ्या जाड नळ्या काढायच्या. प्रत्येक वेळी चिठ्ठी, प्रत्येक वेळी वहीत एक ओळ.

खालचं काम

आता गाडीचा मागचा भाग जॅकने उचलायचा. इथे एक नियम आहे. तो लाल शाईने लिहून ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. जॅकमध्ये तेलाच्या दाबावर वजन उचललं जातं. आतलं एक छोटं रबरी सील फाटलं, तर दाब जातो आणि गाडी खाली येते. तिला खाली येताना कुणाला हाक मारायची सवय नाही. म्हणून गाडी उचलली, की लगेच तिच्याखाली लोखंडी स्टँड लावतात. गाडी स्टँडवर टेकवतात, हाताने जोरात हलवून बघतात, आणि मगच कुणी खाली जातं.

खाली गेल्यावर चाकांकडे जाणारे दोन दांडे सोडायचे. क्लचची केबल, वेग दाखवणाऱ्या काट्याची केबल, स्टार्टरच्या वायरी काढायच्या. गाडीच्या लोखंडाला जोडलेली अर्थिंगची पट्टी हमखास विसरली जाते, तीही काढायची. आणि एक काम गाडीच्या आत. पुढच्या दोन सीटांच्या मागे, मधल्या उंचवट्यावर एक छोटं झाकण असतं. ते उघडलं, की गिअरच्या दांड्याचा जोड दिसतो. तो सैल करायचा. हे झाकण ज्याला ठाऊक नाही, तो खाली तासभर झटापट करतो आणि इंजिन का उतरत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो!

उरले चार बोल्ट

सगळं सुटलं, की एवढं जड इंजिन आणि गिअरबॉक्स कशावर लटकलेले असतात, ठाऊक आहे? चार बोल्टांवर! दोन मागे इंजिनापाशी, दोन पुढे गिअरबॉक्सपाशी.

ते सोडण्याआधी इंजिनाखाली दुसरा जॅक लावतात, आणि त्यावर लाकडी फळी. जॅक नेमका कुठे लावायचा, यातच खरं कसब आहे. कावड आठवा. दोन्ही घागरी सारख्या असतील, तर खांदा काठीच्या मधोमध येतो. एक घागर भरलेली आणि एक अर्धी असेल, तर खांदा भरलेल्या घागरीकडे सरकतो. इंजिन जड, गिअरबॉक्स हलका. म्हणून जॅकही मधोमध नाही, तर इंजिनाच्या बाजूला सरकलेला लागतो, दोघांच्या जोडाच्या जवळपास. जागा चुकली, की सगळं धूड एका बाजूला कलतं.

मग चार बोल्ट निघतात आणि जॅक हळूहळू खाली येतो. एका वेळी दोन बोटं, फार तर. एक जण जॅकपाशी, एक जण वरून झाकणातून बघत, एक जण बाजूला. कुठली नळी अडकली का? कुठली वायर ताणली जातेय का? कुणीही "थांब!" म्हटलं, की जॅक थांबतो. ते म्हणणारा शिकाऊ असो नाहीतर उस्ताद. तिथे मोठा-लहान नाही.

इंजिन जमिनीजवळ आलं, तरी गाडीखालून सरकायला ते उंच पडतं. मग गाडी आणखी वर उचलतात आणि इंजिन चाकांच्या पाटावरून मागे बाहेर ओढतात. याच वेळी आणखी एका गोष्टीकडे लक्ष लागतं. आत्तापर्यंत मागे जड असलेली गाडी आता मागे एकदम हलकी झाली! चारही चाकं स्टँडवर असतील आणि कुणी पुढच्या भागावर रेललं, तर ती नाकावर कलू शकते. झोपाळ्याच्या फळीवरून एक टोकाचा मुलगा अचानक उतरला, की दुसरा धपकन खाली येतो ना, तसंच.

दोघांची ताटातूट

बाहेर आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे. जोडाचे बोल्ट सोडायचे आणि गिअरबॉक्स अगदी सरळ रेषेत ओढायचा, म्यानातून तलवार काढतात तसा. गिअरबॉक्सचा एक दांडा क्लच प्लेटच्या मधोमध घुसलेला असतो. गिअरबॉक्सचं वजन त्या दांड्यावर लोंबलं, तर दांडा किंवा प्लेट वाकते. मग पहिलं काम होतं क्लच बदलण्याचं, आणि निघताना दुसरंही मागे लागतं!

बोल्ट आवळतानाही तसंच. १९६८ ते १९७७ या वर्षांतल्या ९११ मध्ये क्रँककेस, म्हणजे इंजिनाची मुख्य पेटी, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. वजनाला हलकी, पण आटे नाजूक. "आणखी थोडं आवळू या" म्हणून जोर लावला, की आटेच उखडून येतात. म्हणून किती जोर लागला ते आकड्यात दाखवणारा टॉर्क पाना वापरतात. मनगटाचा अंदाज किती चुकतो, हे तो पाना न बोलता सांगतो.

ओझरची मोठी बहीण

नाशिककर वाचकांनो, आता तुमच्या घराजवळची गोष्ट. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. १९६४ साली हा नाशिक विभाग सुरू झाला आणि मिग-२१ ही लढाऊ विमानं तिथे तयार होऊ लागली. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या या विमानाचं इंजिनही पोटात, मागच्या बाजूला असतं. एक टनाहून जास्त वजनाचं! ते खालून निघत नाही आणि वरूनही निघत नाही. मग काढायचं कसं? विमानाची शेपटाकडची बाजू आख्खी सोडवून मागे ओढतात, आणि मग इंजिन सरळ मागे बाहेर काढतात. किल्ला तोच, दरवाजा निराळा!

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. पण विमानांच्या कारखान्यातली एक सवय आपण शिकण्यासारखी आहे. विमानाच्या कामात काम सुरू होताना हत्यारं मोजतात आणि काम संपल्यावर पुन्हा मोजतात. फळीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची जागा आखलेली असते. एक जागा रिकामी दिसली, की विमान उडत नाही. पाना सापडल्यावरच उडतं. कारण विसरलेला एक पाना हवेत गेल्यावर काय करेल, ते सांगायला नको. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीतही माणसंच बसतात. तिथे विसरलेला बोल्ट काही लहान गुन्हा नाही.

तर मग सांगा, इंजिन काढणं ताकदीचं काम की आणखी कशाचं? ताकद जॅक लावतो. माणसाला लावावं लागतं ते लक्ष. काढता कुणालाही येतं, हातोडा घेऊन बसलं की काहीही निघतं. जसं होतं तसं परत बसवता आलं, तरच ते काम येतं असं म्हणायचं.

हे काम शिकायची इच्छा असेल, तर दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. नाशिकची सरकारी आयटीआय त्र्यंबक रोडवर, सातपूरला आहे. पण तोपर्यंत गाडीखाली जायचं नाही हं! घरी बसून करता येईल असं काम आम्ही खाली देतो.

करून पाहा

सायकलची जुनी घंटी घ्या. एक कागद, पेन्सिल आणि काड्यापेटीच्या चार रिकाम्या पेट्या जवळ ठेवा. वरची वाटी फिरवून काढा. आत छोटी दातेरी चाकं, एक स्प्रिंग आणि ठोके देणाऱ्या चकत्या दिसतील. एकेक भाग काढताना कागदावर क्रमांक घालून त्याचं चित्र काढा आणि तो पेटीत ठेवा. सगळं पुसा, तेलाचा एक थेंब द्या. आता कागद उलट्या क्रमाने वाचत जोडा.

घंटी वाजली आणि पेटीत काहीच उरलं नाही, तर शाब्बास! आणि वाजली, पण एक चकती उरली, तर? तर घंटी पुन्हा उघडा. उस्ताद हेच करतो.